पोर्तुगीजकालीन नोटा : किंमत विचारण्याआधी नोट वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या जुन्या घरात पोर्तुगीज राजवटीच्या नोटा सापडल्या, त्यांचे मोल लाखांच्या घरात आहे, अशा मजकुराच्या बातम्या अधूनमधून येतात. बातमीत नोटेचा एक धूसर फोटो असतो. बँक, दिनांक, चलन यांतले काहीच दिलेले नसते. ती वाचून घरोघरी पेट्या उघडल्या जातात, आणि सापडलेली नोट 'चांगली दिसावी' म्हणून साबणाच्या पाण्यातून काढली जाते, तिच्यावर इस्त्री फिरते, शेवटी ती लॅमिनेट होते. साठ-सत्तर वर्षे पेटीत टिकलेली नोट एका दुपारी कायमची खराब होते. या नोटा कशा ओळखाव्यात, कुठे फसगत होते आणि त्या कशा सांभाळाव्यात, हे जरा सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे. जागा करून द्यावी, ही विनंती.

सुरुवात आकड्यावरून नको, चलनाच्या नावावरून करावी. पोर्तुगीज भारतात, म्हणजे गोवा, दमण आणि दीवमध्ये, 1958 पर्यंत 'रुपिया' हे चलन होते. एका रुपियाचे 16 तंगा आणि 960 रेइस, म्हणजे एका तंग्याचे 60 रेइस. ही 16 ची वाटणी रुपया-आण्याच्या हिशेबाशी तंतोतंत जुळते, आणि त्यामागे कारण आहे. 1880 सालच्या ब्रिटिश-पोर्तुगीज चलन करारानंतर गोव्याचा रुपिया ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीने बसवण्यात आला; राजा लुईसचे 1881 आणि 1882 सालचे चांदीचे रुपिया तर कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले. व्यापार सगळा सीमेपलीकडे, त्यामुळे चलन वेगळे ठेवूनही हिशेब एकच ठेवणे भाग होते.

पोर्तुगालमध्ये मात्र प्रजासत्ताक आल्यावर 1911 साली रेइस जाऊन 'एस्कुदो' आला. 1000 रेइसचा एक एस्कुदो आणि एका एस्कुदोचे 100 सेंताव्हो. आफ्रिकेतल्या वसाहतींनीही पुढे हेच चलन घेतले. गोवा रुपियावरच राहिला. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी बाजारातली निम्मी गफलत टळते. 5 नोव्हेंबर 1914 या दिनांकाच्या 10, 20 आणि 50 सेंताव्होंच्या लहान नोटा 'गोव्याची जुनी नोट' म्हणून सर्रास दाखवल्या जातात. त्या मोझांबिक, अंगोला, केप व्हर्दे, गिनी आणि साओ तोमेसाठी काढलेल्या आहेत. 1914 साली गोव्यात सेंताव्हो नव्हताच, तेव्हा सेंताव्होतली त्या काळची नोट गोव्याची असूच शकत नाही. त्यासाठी भिंग लागत नाही, तज्ज्ञही लागत नाही.

चलनाच्या चिन्हाबद्दलही सांगायला हवे. पोर्तुगीज लिखाणात एस्कुदो आणि सेंताव्हो यांच्या मधे डॉलरसारखे दिसणारे चिन्ह घालतात. 50$00 म्हणजे पन्नास एस्कुदो आणि शून्य सेंताव्हो. त्याचा डॉलरशी काडीचाही संबंध नाही. तरीही 'पोर्तुगीज डॉलर' म्हणून जाहिराती दिसतात.

मग बँकेचे नाव पाहावे. वसाहतींच्या बहुतेक नोटांवर 'बांको नासियोनाल उल्त्रामारिनो' असते. ही बँक लिस्बनला 1864 साली स्थापन झाली आणि समुद्रापारच्या प्रदेशांत नोटा काढण्याचा हक्क तिला मिळाला. याला मोठा अपवाद अंगोलाचा. तिथे 1926 साली 'बांको द अंगोला' ही निराळी बँक आली, आणि 1928 पासून 1958 पर्यंत तिथले चलन 'अंगोलार' होते. गोव्यात तर उल्त्रामारिनो बँकेच्या आधीच्या, थेट सरकारने काढलेल्या, राजाचे चित्र असलेल्याही नोटा आहेत. त्या फार दुर्मिळ. अशी नोट कुणाकडे असेल तर तिला हात लावण्याआधी जाणकाराला दाखवावी.

बँक एकच असल्यामुळे नोटांचा आराखडाही पुष्कळदा एकच असे. चौकट, जहाज, नक्षी तीच, फक्त वसाहतीचे आणि शहराचे नाव वेगळे छापलेले. म्हणून मधल्या मोठ्या अक्षरांखालचा बारीक मजकूर वाचावा. 'लोरेन्सो मार्केस' दिसले तर मोझांबिक, 'लोआंदा' म्हणजे अंगोला, 'बोलामा' म्हणजे गिनी. 'पागावेल एम' या शब्दांपुढे जे गाव येते तिथे ती नोट वटत असे. 'पागावेल एम दिली' असेल तर ती आग्नेय आशियातल्या पोर्तुगीज तिमोरची. आणि 'नोव्हा गोवा' म्हणजे पणजी. 1843 पासून राजधानीचे अधिकृत नाव ते होते. 'नोव्हा गोवा' हे नाव असलेली नोट पाहून ती जुन्या गोव्याची, म्हणजे ओल्ड गोव्याची, असे समजणारे बरेच भेटतात.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतल्या नोटांवर आगबोटीची गोल मोहोर असते. ती जवळून पाहण्यासारखी आहे. मोहोरेचे तीन प्रकार आहेत : एकीत 'लोआंदा' हा शब्द, दुसरीत 'लिस्बोआ', आणि तिसरीत सी, सी, ए ही तीन अक्षरे, म्हणजे वसाहती, व्यापार आणि शेती या तीन पोर्तुगीज शब्दांची आद्याक्षरे. नोट तीच, दिनांक तोच, पण मोहोर बदलली की संग्राहकांच्या नोटसूचीतला उपप्रकार बदलतो आणि मोलही बदलते. मोहोर अनेकदा फिकट उमटलेली असते. नोट खिडकीकडे तिरकी धरून, दहापट भिंगाने, मोहोरेच्या कडेची अक्षरे एकेक करून वाचावीत. घाईने 'आगबोट आहे' एवढेच लिहून ठेवले तर ओळख अर्धीच राहते.

दिनांकाची गोष्ट सर्वांत फसवी. नोटेवरचा दिनांक बहुधा ती मालिका मंजूर झाल्याचा असतो. तीच नोट पुढे अनेक वर्षे चालू शकते. याचे सर्वांत उघड उदाहरण मोझांबिकचे. तो देश 25 जून 1975 रोजी स्वतंत्र झाला. नव्या नोटा तयार नव्हत्या, म्हणून 1976 साली जुन्याच नोटांवर काळ्या शाईत 'बांको द मोसांबिक' असे छापून त्या चालवल्या. त्या नोटांवर 1961, 1967, 1970, 1972 असे जुने दिनांक तसेच आहेत. म्हणजे 27 मार्च 1961 असे छापलेली 100 एस्कुदोंची नोट प्रत्यक्षात स्वतंत्र मोझांबिकची असू शकते. साओ तोमेनेही 1976 साली असाच मार्ग काढला. तिथल्या नोटांवर नव्या राष्ट्रीय बँकेचे नाव आणि 1 जून 1976 हा दिनांक वरून छापलेला आढळतो. म्हणून नोंद करताना दोन्ही गोष्टी लिहाव्यात : मूळ दिनांक आणि वरून छापलेला मजकूर.

आता गोव्याच्या नोटांकडे. सर्वसाधारणपणे घरांतून जे सापडते ते तीन टप्प्यांतले असते.

पहिला टप्पा 1 ऑक्टोबर 1917 या दिनांकाच्या लहान नोटांचा : 4 तंगा, 8 तंगा, 1 रुपिया आणि अडीच रुपिया. पहिल्या महायुद्धात चांदी महाग आणि दुर्मिळ झाली होती. चांदीची नाणी लोक साठवून ठेवत, म्हणून पाव आणि अर्ध्या रुपियासाठीही कागद वापरावा लागला. त्याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानातही 1 रुपया आणि 2 रुपये 8 आणे अशा नोटा निघाल्या. दोन्हीकडे अडीचाची नोट असण्यामागे एकच टंचाई आहे. या लहान नोटा हातोहात फिरून झिजल्या. घड्यांवर चिरलेली, कोपरे गोल झालेली नोट मिळाली तरी ती टाकाऊ समजू नये. या मालिकेत चांगल्या दर्जाची नोट मिळणेच कठीण.

मधल्या टप्प्यात 11 जानेवारी 1938 आणि 29 नोव्हेंबर 1945 हे दोन दिनांक लक्षात ठेवावेत. 1945 च्या मालिकेत 5, 10, 20, 50, 100 आणि 500 रुपिया अशा सहा नोटा आहेत आणि उजव्या बाजूला गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो दे अल्बुकर्कचे चित्र आहे. जगभरच्या नोटांची सूची करणाऱ्या आल्बर्ट पिक यांनी घालून दिलेल्या क्रमांकपद्धतीत या 35 ते 40 क्रमांकाच्या नोटा. त्या पद्धतीत पोर्तुगीज भारताला भारतापेक्षा वेगळा विभाग आहे. भारताच्या यादीत शोधणाऱ्याला त्या सापडत नाहीत आणि मग 'सूचीतही नसलेली दुर्मिळ नोट' असा बोभाटा होतो.

शेवटचा टप्पा 2 जानेवारी 1959 या दिनांकाचा, एस्कुदोंचा. या नोटांचे मूल्य पाहून सगळेच चकित होतात : 30, 60, 100, 300, 600 आणि 1000. तीसची आणि साठची नोट कशासाठी? उत्तर विनिमयात आहे. दशमान पद्धत आली तेव्हा 1 रुपियाला 6 एस्कुदो असा दर ठरला. त्यामुळे 30 म्हणजे 5 रुपिया, 60 म्हणजे 10, 300 म्हणजे 50 आणि 600 म्हणजे 100. बाजारात बसणाऱ्या माणसाची बोटे जुन्या हिशेबाला सरावलेली होती. त्याला नवी नोट जुन्या नोटेच्या जागी ठेवता यावी, ही सोय या विचित्र आकड्यांत आहे. 100 आणि 1000 एस्कुदो मात्र लिस्बनच्या पद्धतीचे. 100 एस्कुदोंचे रुपियात 16 आणि वर दोन तृतीयांश असे न जमणारे उत्तर येते. सहाचा दरही हवेतून आला नव्हता. त्या काळी डॉलरला 28.75 एस्कुदो आणि सुमारे 4.76 भारतीय रुपये असा भाव होता. भागून पाहा, एका रुपयाला सहाच्या जवळपास एस्कुदो पडतात. एका नोटमालिकेत दोन हिशेब शेजारी शेजारी बसलेले दिसतात, आणि आमच्या मते गोव्याच्या कागदी चलनातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे. संग्रह सुरू करणाऱ्याने पैसे मोजायचेच असतील तर या मालिकेतल्या 30 आणि 60 च्या स्वच्छ नोटांवर आधी मोजावेत.

पण इथेही जपून. तिमोरमध्येही याच दिनांकाच्या, 2 जानेवारी 1959 च्या, 30, 60, 100 आणि 500 एस्कुदोंच्या नोटा निघाल्या. गोव्याच्या नोटेवर अल्बुकर्क आहे, तिमोरच्या नोटेवर तिथला गव्हर्नर सेलेस्तिनो दा सिल्वा. दोन्ही चित्रे रुबाबदार पुरुषांची. घाईत नजर चुकते. नोटेवर 'इंदिया' हा शब्द शोधावा, तो नसेल तर पुढे जाऊच नये. अशीच फसगत कॅमोईंशबाबत होते. कवी कॅमोईंश गोव्यात राहून गेला हे अनेकांना ठाऊक असते, म्हणून त्याचे चित्र असलेली नोट गोव्याची वाटते. प्रत्यक्षात 10 जून 1973 च्या त्या नोटा अंगोलाच्या आहेत, गोवा मुक्त होऊन साडेअकरा वर्षे उलटल्यानंतरच्या.

दुर्मिळतेबद्दल एक साधा नियम सांगता येतो. चलन रद्द होऊन बदलून देण्याची वेळ आली की लोक मोठ्या रकमेच्या नोटा आधी बदलून घेतात. लहान नोटा खिशात, पोथीत, देव्हाऱ्याच्या खणात राहून जातात. म्हणून 30 ची नोट अनेक घरांत आहे आणि 600 ची क्वचित. आज यांपैकी कुठलीही नोट कोणत्याही बँकेच्या खिडकीवर वटत नाही, तिचे मोल फक्त संग्राहकांपुरते. तसेच तिमोरच्या 1960 नंतरच्या रेगुलो (म्हणजे स्थानिक सरदार) दों आलेइशोचे चित्र असलेल्या नोटा, मोझांबिकच्या 1976 च्या छापाच्या नोटा, अंगोलाच्या 1972-73 च्या नोटा या कोऱ्या स्थितीतही मुबलक मिळतात. शिकायला त्या उत्तम. मात्र त्यांच्यासाठी गोव्याच्या नोटेचा भाव देऊ नये.

भोके पाडलेल्या नोटांबद्दलही विचारणा होते. मोझांबिकमधल्या बैरा शहराच्या बँकेच्या आणि मोझांबिक कंपनीच्या नोटांवर बारीक छिद्रांनी 'पागो' म्हणजे 'फेडले' असा शब्द आणि 5.11.1942 हा दिनांक उमटवलेला असतो. हे खराब झाल्याचे लक्षण नव्हे, रद्द केल्याची अधिकृत खूण आहे. बहुतेक नोटा तशाच मिळतात. छिद्रे नसलेली नोट जास्त मोलाची, आणि म्हणूनच छिद्रे बुजवलेली आहेत का, हे उजेडासमोर धरून पाहावे. बुजवलेली जागा आजूबाजूपेक्षा गडद दिसते. नमुना नोटांचे वेगळे : त्यांचा क्रमांक सगळे शून्य असतो, वर 'स्पेसिमेन' छापलेले असते आणि सह्यांच्या जागी गोल भोके असतात.

अस्सल-नकल ओळखायला चार साधने पुरतात : दहापट भिंग, मिलिमीटरची पट्टी, अतिनील दिवा आणि तिरका उजेड. उल्त्रामारिनो बँकेने बरेचसे काम इंग्लंडमधल्या ब्रॅडबरी विल्किन्सन आणि टॉमस द ला रू या छापखान्यांना दिले होते, आणि कोरीव धातूच्या पट्टीवरून छापणे हे त्यांचे कौशल्य. भिंगाखाली चेहरा पाहिला तर गालाची सावली कमी-अधिक जाडीच्या सलग रेषांनी आणि टिंबांनी भरलेली दिसते, शाई कागदावर किंचित उठून असते. नकलेत त्याच जागी लाल, निळे, पिवळे ठिपके पसरलेले दिसतात. झिजलेल्या नोटेत उठाव बोटाला लागत नाही, म्हणून बोटावर विसंबू नये. दिवा नोटेच्या पातळीला आणून तिरका उजेड पाडावा. क्रमांकाचे आकडे वेगळ्या दाबाने उमटवलेले असतात. आकड्याच्या कडेला शाई जरा दाटलेली दिसते आणि पाठीमागे हलका दाब जाणवतो.

अतिनील दिव्याखाली जुना चलनी कागद मंद, निस्तेज राहतो. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती चकाकणारी द्रव्ये त्यात नसतात. 1917 ची किंवा 1945 ची नोट निळसर पांढरी झळाळली तर तीन शक्यता : कागद आधुनिक आहे, नोट कपड्याच्या पावडरीत धुतली आहे, किंवा तिला डिंक लावून दुरुस्ती केली आहे. सगळी झळाळली तर पहिल्या दोन शक्यता, एखादाच पट्टा झळाळला तर तिसरी. जुनी नोट साबणाने धुऊ नये याचे हेही एक कारण : साबणातली तीच द्रव्ये कागदात शिरतात आणि पुढे अस्सल नोटही संशयास्पद ठरते.

वरून छापलेल्या मजकुराची लबाडी पकडण्याची युक्ती घडीत आहे. साधी नोट घेऊन तिच्यावर दुर्मिळ शहराचे नाव किंवा 'स्पेसिमेन' उमटवणारे लोक आहेत. घडीवर जिथे कागद चिरलेला असतो तिथे भिंग लावावे. छाप जुना असेल तर घडीबरोबर छापाची शाईही तुटलेली, गळून गेलेली दिसते. छाप नंतरचा असेल तर शाई चिरेत उतरून कागदाच्या उघड्या तंतूंत पसरलेली असते. मळाचेही तसेच : मळ छापाच्या वर हवा, खाली नको.

दर्जाबद्दल थोडक्यात. एकही घडी नाही तर कोरी. फार तर तीन हलक्या घड्या किंवा एक ठळक घडी असेल तर अतिउत्तम. बऱ्याच घड्या आहेत पण कागदात अजून करकरीतपणा आहे, तर उत्तम. कागद मऊ पडला तर साधारण. विक्रेते एक पायरी वर सांगतात, खरेदीदार एक पायरी खाली. दाबून सपाट केलेली नोट कोरी म्हणून खपवणे हा सर्वांत नेहमीचा प्रकार. तिरक्या उजेडात जुन्या घडीची रेघ तंतूंत दिसतेच, आणि कागदावर नको इतकी तकाकी येते, क्रमांकाचा दाबही सपाट झालेला असतो. टाचणीची छिद्रे मात्र पाहिल्या पाहिल्या दोष मानू नयेत. कचेऱ्यांतून आणि पेढ्यांतून नोटांचे गठ्ठे टाचणीने लावले जात, त्यामुळे त्या काळच्या कोऱ्या नोटेलाही छिद्र असू शकते.

गंजलेली टाचणी अजून नोटेत असेल तर ती ओढू नये. गंज कागदाला धरून ठेवतो आणि ओढताच तुकडा निघतो. पातळ पॉलिएस्टरच्या दोन पट्ट्या कापाव्यात. एक टाचणी आणि कागद यांच्या मधे वरून सरकवावी, दुसरी मागच्या बाजूने. आता दाब पट्टीवर पडतो, कागदावर नाही. टाचणीची दोन्ही टोके चिमट्याने हळूहळू सरळ करावीत, कागदाला चिकटलेला गंज मऊ ब्रशने सैल करावा आणि मग टाचणी आल्या मार्गानेच बाहेर सरकवावी. राहिलेला तांबूस डाग राहू द्यावा. लिंबू, व्हिनेगर, विरंजक यांपैकी काहीही लावू नये. चिकटपट्टी लावलेली असेल तर तिला हातच लावायचा नाही, ते काम कागद-संवर्धकाचे.

चुरगळलेली नोट सपाट करायची तर आम्लविरहित टिपकागदाच्या दोन तावांमध्ये ठेवून वर हलके पुस्तक, आणि चार-पाच दिवस वाट. पाणी नाही, वाफ नाही, इस्त्री नाही. लॅमिनेशनबद्दल एकच वाक्य : ते काढता येत नाही.

कोकणपट्टीतला पावसाळा हा कागदाचा मोठा शत्रू. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास आणि स्थिर राहिली तर नोट सुखाने राहते. जुलैत ती 85 च्या वर जाते, बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात आणि कसर लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात, पाच लिटरला साधारण 50 ग्रॅम सिलिका जेल, नोटेला न लागेल असे ठेवावे. रंग बदलणारे जेल घ्यावे, म्हणजे ते ओल धरून भरले हे कळते. ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा वापरता येते. डबा पावसाळ्यात दर पंधरवड्याला कोरड्या दिवशी उघडून पाहावा.

नोटेची पिशवी पॉलिएस्टरचीच हवी. बाजारात मिळणारे मऊ, नव्या रेक्झिनसारखा वास येणारे पीव्हीसीचे अल्बम काही वर्षांत चिकट होतात आणि शाई उचलतात. शंका असेल तर तांब्याची तार चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवावी, पिशवीच्या कोपऱ्याचा कपचा तिला लावावा आणि तार पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर ते पीव्हीसी. हा प्रयोग उघड्यावर करावा, धूर घातक असतो. पिशवीवर चिठ्ठी लावायची तर आधी लिहून मग नोट आत सरकवावी, कारण पेनाचा दाब आतल्या कागदावर उमटतो.

चिठ्ठीत काय लिहावे? बँक, वसाहत, मूल्य, दिनांक, मोहोर, क्रमांक, सह्या, मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी, दोष. आणि नोट कुणाकडून, कुठल्या घरातून, कशासोबत आली. सोबत जुनी पावती, गहाणखत, पगाराचे पाकीट असेल तर ते वेगळे करू नये. एका घरातल्या दहा नोटा आणि त्यांच्याबरोबरची हिशेबाची वही फोडून विकली की 1959 सालच्या बाजाराची माहिती कायमची जाते. आम्हाला याचीच सर्वांत जास्त खंत वाटते, कारण किंमत वाढते-उतरते, ही माहिती पुन्हा जुळवता येत नाही.

विकायचे झाल्यास दोन सावधगिऱ्या. जुन्या नोटेला मोठी रक्कम देतो, आधी नोंदणी शुल्क किंवा कर भरा, असे सांगणारे फोन ही फसवणूक आहे. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नाही आणि कमिशनही घेत नाही, असा खुलासा तिने 2021 साली केला आहे. दुसरे, परदेशी पाठवण्याचे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूची, आणि ऐतिहासिक मोलाच्या दस्तऐवजाला तर पंचाहत्तर वर्षे झाली असली तरी, खासगी निर्यात करता येत नाही. 1917 च्या नोटांची शंभरी उलटली आहे, 1945 च्या नोटांची पंचाहत्तरी. पाकिटात घालून पोस्टात टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी.

संपादक महाशयांना एक विनंती. अशा नोटेची बातमी छापाल तेव्हा दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे, चलनाचे नाव, बँक आणि दिनांक एवढे तरी द्यावे. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे झाकले तर मालकाचीही सोय होते. किंमतीचा आकडा देण्याआधी तो कुणी, कुठल्या नोटेच्या कुठल्या दर्जासाठी सांगितला, हे बातमीदाराने जरूर विचारावे.

आपले नम्र,
पोर्तुगीज वसाहतींच्या कागदी चलनाचे काही संग्राहक
गोवा